पाटीवरचा शेवटचा शब्द

आमच्या गावात शिरताना वळणावर एक दगडी क्रूस आहे, आजोबांच्याही आधीचा. वसईत असे क्रूस जागोजागी दिसतात, कुणाच्या अंगणात, कुणाच्या वाडीच्या टोकाला, एखाद्या विहिरीपाशी, आणि मे महिन्यात संध्याकाळी तिथे शेजारपाजारची माणसं जमून जपमाळ म्हणतात. त्याच्या आधी क्रूसाला रंग लावायचा असतो. पांढरा हात कुणीही मारायचं पण वरच्या छोट्या पट्टीवरची चार अक्षरं मात्र पप्पांनीच लिहायची, कारण पप्पा पेंटर होते, म्हणजे घरं रंगवणारे नव्हे, बोर्ड रंगवणारे. दुकानं, शाळा, दवाखाने, टेम्पोच्या पाठी, निवडणुकीत भिंती, सगळं. मी काळ्या इनॅमलचा डबा धरून खाली उभा राहायचो आणि पप्पा स्टुलावर चढून ती अक्षरं काढायचे: आय, एन, आर, आय. गावात सगळे ती एकत्र वाचायचे, इनरी. आजी तर लॅटिन मिस्सा ऐकत मोठी झालेली, तिलाही तो शब्द इनरी म्हणूनच माहीत होता.

मला बरीच वर्षं वाटायचं की इनरी हे क्रूस बनवणाऱ्याचं नाव असणार. कारण पप्पा प्रत्येक बोर्डाच्या कोपऱ्यात खाली बारीक अक्षरात स्वतःचं नाव टाकायचे. एकदा मी विचारलं तर ब्रश थांबवून म्हणाले, "नाव कुठलं, गुन्हा आहे तो. ज्या गुन्ह्यासाठी फाशी दिली तो वर पाटीवर लिहिलाय." आणि परत लिहायला लागले. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेन. गुन्हा म्हणजे चोरी, मारामारी एवढंच डोक्यात, आणि चार अक्षरांत कुठला गुन्हा मावतो ते मला काही केल्या कळेना.

नंतर कळलं ते असं. इएसुस नाझारेनुस रेक्स इउदेओरुम. लॅटिनमध्ये जे आणि आय ही वेगळी अक्षरं नव्हती म्हणून येशूचंही आद्याक्षर आय आणि यहुद्यांचंही आय. नाझरेथकर येशू, यहुद्यांचा राजा. आपल्या मराठी चर्चमध्ये नाझरेथकर हा शब्द इतका सहज रुळलाय की त्यातला आपला "कर" कुणाच्या लक्षातही येत नाही, वसईकर, पुणेकर, तसा नाझरेथकर. आडनावाच्या जागी गाव. आणि गाव तरी कसलं, योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकात, सुरुवातीलाच नथनिएल नावाचा माणूस विचारतो की नाझरेथातून काही चांगलं निघू शकतं का. म्हणजे त्या गावाचं नाव घेतलं की माणसं नाक मुरडत असणार. चार शुभवर्तमानांपैकी एकट्या योहानाने पाटीवर गावाचं नाव दिलंय.

हे चौघं पाटीबद्दल एकसारखं सांगत नाहीत, आणि मला ते खूप खरं वाटतं. मार्कचं सगळ्यात छोटं, नुसतं "यहुद्यांचा राजा". लूकचं "हा यहुद्यांचा राजा". मत्तयचं "हा येशू, यहुद्यांचा राजा". योहानाचं सगळ्यात लांब. एखादा बोर्ड चार जणांनी पाहिला आणि पन्नास वर्षांनी आठवून सांगितला तर असंच होणार, एखादा शब्द इकडे एखादा तिकडे. पण चौघांनाही एक गोष्ट पक्की आठवतेय, यहुद्यांचा राजा. बाकी काही गळलं तरी ते दोन शब्द गळत नाहीत. येशू जिवंत असताना त्याच्याविषयी काही लिहिलं गेल्याची आपल्याला माहीत असलेली एकमेव गोष्ट म्हणजे ही पाटी. त्याने स्वतः एकदा बोटाने जमिनीवर काहीतरी लिहिलं होतं पण काय लिहिलं ते सांगितलेलं नाही. शिष्यांनी लिहिलं ते सगळं नंतर. त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्या डोक्यावर जे लिहिलं गेलं ते सरकारने लिहिलं, आणि ते आरोपपत्र होतं.

रोमन लोकांची ही पद्धतच होती. शिक्षा झालेल्याचा गुन्हा पांढऱ्या फळीवर लिहायचा आणि फळी त्याच्यापुढे कुणीतरी धरून चालायचं किंवा त्याच्याच गळ्यात अडकवायची, म्हणजे रस्त्यावरच्या प्रत्येकाला कळावं. सुएटोनियस नावाचा रोमन चरित्रकार सांगतो की कॅलिगुलाच्या मेजवानीत एका गुलामाने चांदीचा पत्रा चोरला तर त्याचे हात तोडून गळ्यात बांधले आणि गुन्ह्याची पाटी पुढे धरून त्याला पाहुण्यांमधून फिरवलं. डॉमिशियनच्या काळात एका माणसाने खेळ बघताना बादशहाला झोंबेल असं काहीतरी म्हटलं तर त्याला पाटीसकट कुत्र्यांपुढे टाकलं. आणि येशूनंतर दीडशे वर्षांनी, सन १७७ मध्ये, आज ज्याला आपण फ्रान्समधलं लिआँ म्हणतो त्या शहरात अत्तालुस नावाच्या माणसाला आखाड्यात गोल फिरवलं, पुढे लॅटिनमध्ये पाटी, "हा अत्तालुस, ख्रिस्ती". तेवढाच गुन्हा. आधी गुरूच्या डोक्यावर पाटी, मग शिष्याच्या पुढे पाटी. हे वाचलं त्या दिवशी मला बराच वेळ दुसरं काही सुचलं नाही.

योहान ग्रीकमध्ये लिहितो पण पाटीसाठी शब्द वापरतो तितलोस, जो सरळ लॅटिनच्या तितुलुसवरून उचललेला आहे. आपण जसं मराठी बोलताना एफआयआर म्हणतो, समन्स म्हणतो, तसं. कचेरीचा शब्द कचेरीच्याच भाषेत राहतो. मत्तय आणि मार्क जो शब्द वापरतात त्याचा अर्थ आरोप, कारण. म्हणजे पप्पांचं बरोबर होतं, गुन्हाच आहे तो.

आता राजा म्हणवून घेणं हा एवढा मोठा गुन्हा का, तर यहुद्यांचा राजा ही रोमने द्यायची पदवी होती. इसवी सनापूर्वी ४० मध्ये रोमच्या सिनेटने हेरोदाला ती दिली होती. हेरोद इसवी सनापूर्वी ४ मध्ये मेला आणि लगेच दोन-तीन ठिकाणी माणसं उठली, कुणी हेरोदाचा जुना गुलाम, कुणी मेंढपाळ, डोक्यावर मुकुट घातले, लोक मागे गेले. सीरियाचा रोमन सुभेदार वारुस सैन्य घेऊन आला, आणि यहुदी इतिहासकार योसेफस लिहितो की त्याने सुमारे २००० जणांना क्रूसावर चढवलं. दोन हजार. येशू त्या वेळी अगदी लहान मूल असणार. नाझरेथच्या जवळचं सेप्फोरिस शहरही त्याच धुमाळीत जळालं. म्हणजे तो ज्या पिढीत वाढला तिच्या आयाबापांनी हे सगळं पाहिलेलं होतं, राजा या शब्दाची किंमत त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आणि मत्तयच्या गोष्टीत अगदी सुरुवातीलाच पूर्वेकडून आलेले मागी, म्हणजे ताऱ्यांचे जाणकार, हेरोदाच्या शहरात येऊन विचारतात, यहुद्यांचा राजा जन्माला आलाय तो कुठे आहे? पाळण्यापाशी आणि क्रूसापाशी तेच दोन शब्द, आणि दोन्ही वेळा म्हणणारे परके. शुभवर्तमानात यहुदी माणसं स्वतः बोलतात तेव्हा ती "इस्राएलचा राजा" म्हणतात. "यहुद्यांचा राजा" ही बाहेरच्यांची भाषा आहे, मागींची, सैनिकांची, आणि येशूला शिक्षा सुनावणाऱ्या रोमन सुभेदार पिलाताची.

पिलाताबद्दल आपल्या डोक्यात हात धुणारा, बिचारा, कात्रीत सापडलेला माणूस असं काहीतरी असतं. पण योसेफस आणि फिलो हे दोन यहुदी लेखक जो पिलात सांगतात तो अरेरावी करणारा आहे. बादशहाच्या प्रतिमा असलेली निशाणं रातोरात यरुशलेमात आणून ठेवणारा, मंदिराच्या खजिन्यातल्या पैशातून पाण्याचा कालवा बांधणारा आणि लोक ओरडले तर गर्दीत साध्या वेषात शिपाई घुसवून दांडक्यांनी झोडपणारा. फिलो आणखी एक गोष्ट सांगतो जी मला या पाटीच्या संदर्भात फार महत्त्वाची वाटते: पिलाताने यरुशलेममधल्या हेरोदाच्या वाड्यात सोन्याचा मुलामा दिलेल्या ढाली लावल्या. त्यावर चित्र नव्हतं, फक्त अक्षरं होती, कुणी कुणाच्या नावाने अर्पण केल्या एवढंच. तरी लोक पेटले, थेट तिबेरियस बादशहाला पत्र गेलं, बादशहाने पिलाताला झापलं, आणि ढाली काढून समुद्रकाठच्या कैसरिया शहरात न्याव्या लागल्या. म्हणजे या माणसाचं आणि त्या शहराचं भांडण कशावर लिहायचं आणि काय लिहायचं यावरूनही झालं होतं.

आणि इथे, क्रूसापाशी, मुख्य याजक येऊन म्हणतात, यहुद्यांचा राजा असं लिहू नका, "मी यहुद्यांचा राजा आहे असं हा म्हणाला" असं लिहा. एक "म्हणाला" घाला एवढीच दुरुस्ती. पिलात म्हणतो, मी लिहिलं ते लिहिलं. गुड फ्रायडेला दुःखसहनाचं वाचन अनेक आवाजांत होतं तेव्हा तीन वर्षं पिलाताचा भाग माझ्याकडे होता. ते वाक्य कसं म्हणावं हे मला कधीच नीट ठरवता आलं नाही. रागाने? थकून? एक वर्ष मी हळू म्हटलं, एक वर्ष तोडून टाकल्यासारखं. आता मला वाटतं की तो यहुद्यांना हिणवत होता. बघा, हा तुमचा राजा, असा उघडा, खिळलेला, आणि तुम्हीच थोड्या वेळापूर्वी म्हणालात की कैसराशिवाय आम्हाला राजा नाही. पाटी येशूची थट्टा करते तेवढीच ती एका जिंकलेल्या समाजाचीही थट्टा करते. हे आपण फार पटकन विसरतो.

(त्याच पिलाताचं नाव कोरलेला एक दगड १९६१ साली कैसरियाच्या उत्खननात सापडला. नंतरच्या काळात कुणीतरी तो रंगमंदिराच्या पायरीला वापरला होता. अक्षरं अर्धी उडालेली, पण पिलातुस हे नाव नीट वाचता येतं.)

तीन भाषांचंही तसंच. योहान सांगतो की पाटी हिब्रू, लॅटिन आणि ग्रीकमध्ये होती, आणि तो ज्याला हिब्रू म्हणतो ती बहुतेक लोकांच्या तोंडची अरामी असावी. स्थानिकांसाठी अरामी, फौजेसाठी आणि सरकारदरबारी लॅटिन, आणि वल्हांडण सणाला लांब लांबच्या देशांतून आलेल्या यहुद्यांसाठी ग्रीक. जागा शहराजवळ होती, पुष्कळ यहुद्यांनी ती पाटी वाचली असं तो मुद्दाम लिहितो. आपल्याला तीन भाषांची पाटी नवीन नाही, वसई रोड स्टेशनवर उतरलं की मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन ओळी समोर असतातच. पण पप्पांचा प्रश्न पेंटरचा होता. तीन भाषांत एवढं वाक्य म्हणजे फळी केवढी असेल, आणि अक्षर केवढं काढलं असेल म्हणजे रस्त्यावरून वाचता येईल?

अधूनमधून व्हॉट्सॅपवर एक मेसेज फिरतो की हिब्रूमध्ये पाटीवरच्या चार शब्दांची आद्याक्षरं घेतली की देवाचं पवित्र नाव तयार होतं, यहवे, आणि म्हणूनच याजक चिडले. मलाही तो दोन-तीन वेळा आला, पाठवणारे सगळे मनापासून श्रद्धाळू लोक. पण ते नाव जुळवायला "राजा" च्या आधी एक "आणि" घुसवावा लागतो, नाझरेथकर येशू आणि यहुद्यांचा राजा, असा, आणि योहानाच्या ग्रीक वाक्यात तो "आणि" नाही. अरामी धरलं तर अक्षरंही बदलतात. मला त्या मेसेजचं वाईट वाटतं, कारण साध्या शब्दांत एवढं भरलेलं असताना आपण कोडी शोधत बसतो.

मी आठवीत होतो, १९८४ साल. गावातल्या तरुण मंडळाने उपवासकाळात येशूच्या दुःखसहनाचं नाटक बसवायचं ठरवलं आणि सगळे पडदे, भाले, ढाली, बोर्ड अर्थातच पप्पांकडे. पप्पांनी ठरवलं की नाटकातली पाटी तरी पूर्ण लिहायची, चार अक्षरं नाहीत, तिन्ही भाषांत. लॅटिन फादरांनी लिहून दिलं, ग्रीकही त्यांनीच एका पुस्तकातून उतरवून दिलं. हिब्रू अडलं. तर पप्पांना ठाण्याचे मास्तर आठवले. मास्तर बेने इस्रायल, म्हणजे आपले मराठी ज्यू, मूळचे अलिबागकडचे, शाळेतून रिटायर झालेले. त्यांच्या भावाच्या दुकानाचा बोर्ड पप्पांनी केला होता आणि तेव्हा भावाने आधीच सांगितलं होतं की शनिवारी येऊ नका, शनिवारी आम्ही काही करत नाही. कोकणात या लोकांना शनिवार तेली म्हणायचे ते उगाच नाही, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद.

रविवारी मिस्सा झाल्यावर मी आणि पप्पा ट्रेनने दादर आणि तिथून ठाणे. मास्तरांच्या दाराच्या चौकटीला उजव्या बाजूला एक बारीक नळी तिरकी ठोकलेली होती, मी बघतोय हे बघून मास्तर म्हणाले, "मेझुझा. आत चामड्यावर लिहिलेलं वचन आहे. आमच्याकडे पण पाटी असते, पण गुंडाळून आत ठेवलेली." चहा झाला. पप्पा म्हणाले, "मास्तर, एक काम होतं, चार शब्द हिब्रूत लिहून हवे होते." मग कशासाठी ते सांगितलं. मास्तर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मला तेव्हा वाटलं त्यांना चार शब्द आठवत नसतील.

मग म्हणाले, "पेंटर, ही पाटी आमच्याच एका माणसाच्या डोक्यावर लावली होती. तुमच्याकडे हे लक्षात असतं का?"

पप्पांनी खरं ते सांगितलं. म्हणाले, "मास्तर, आम्ही ते चार अक्षरांत लिहितो. शेवटचं अक्षर कशाचं ते मला विचाराल तर मी सांगेन. पण गावात कुणाला विचाराल तर नाही सांगता येणार."

मास्तरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलने लिहिलं, उजवीकडून डावीकडे. खाली देवनागरीत उच्चार लिहून दिले, येशुआ हानोत्स्री मेलेख हायेहूदीम. शेवटच्या शब्दाखाली रेघ मारली. म्हणाले, "फळीवर जागा कमी पडली तर बाकीचं बारीक करा. हे मात्र बारीक करू नका."

आणि मग, चहाचे कप उचलता उचलता, त्यांनी एक प्रश्न विचारला. नाटकात ती गर्दी असते नं, क्रूसावर खिळा, क्रूसावर खिळा म्हणून ओरडणारी, ती माणसं कशी दाखवता तुम्ही? पप्पांनी सांगितलं, दाढ्या चिकटवतो, डोक्याला फडकी, लांब झगे. मास्तर म्हणाले, "म्हणजे आम्ही." एवढंच. आवाज चढला नाही. म्हणाले, "कोकणात मी वाढलो, मला आयुष्यात कुणी वाकडं बोललं नाही यावरून. देवाची दया. पण बाहेरच्या देशांत तुमचा हा शुक्रवार आला की आमचे लोक दारं लावून बसायचे." 

हे मला तेव्हा कळलं नव्हतं. पुढे वाचत गेलो तसं कळलं. युरोपात शतकानुशतकं पवित्र आठवड्यात यहुद्यांच्या वस्त्यांवर दगड पडत होते, आणि दगड मारणारे ज्या क्रूसापुढे गुडघे टेकून आले त्या क्रूसावर वरच लिहिलेलं होतं की हा यहुदी आहे. फक्त ते एका अक्षरात होतं. गुड फ्रायडेच्या प्रार्थनेत यहुद्यांसाठी जो विश्वासहीन अशा अर्थाचा लॅटिन शब्द होता तो तेविसाव्या योहान पोपने १९५९ साली काढायला लावला, आणि ऑक्टोबर १९६५ मध्ये व्हॅटिकन परिषदेने लिहून दिलं की येशूच्या मरणाचा दोष तेव्हाच्या सगळ्या यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर टाकता येत नाही. आता आपण गुड फ्रायडेला यहुदी लोकांसाठी जी प्रार्थना मराठीत ऐकतो ती त्यानंतरची. आजीच्या तरुणपणी ती वेगळी होती, आणि लॅटिनमध्ये होती म्हणून आजीला ती कळतही नव्हती. मी बराच विचार केल्यावर ठरवलं की त्याबद्दल मला बरं वाटत नाही.

आणि हे युरोपातच राहिलं असंही नाही. आमच्या गावच्या क्रूसाला ज्यांच्यामुळे ती चार अक्षरं मिळाली त्या पोर्तुगीजांनी १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आणलं. गार्सिया द ऑर्ता हे नाव औषधी वनस्पतींमुळे पुष्कळांनी ऐकलेलं असेल, गोव्यात राहणारा वैद्य, आपल्याकडच्या झाडापाल्यावर, मसाल्यांवर त्याने लिहिलेलं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं, मुंबई बेटाचा पट्टाही काही काळ त्याच्याकडे होता. घराणं बळजबरीने ख्रिस्ती केलेल्या यहुद्यांचं. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्या वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गोव्यात जाळलं, गुन्हा काय तर गुपचूप यहुदी राहणं. १५८० मध्ये ऑर्ताची हाडं थडग्यातून उकरून काढून जाळली. इन्क्विझिशनच्या दोषींना अंगावर एक रंगवलेला झगा घालायला लावायचे, सांबेनितो, म्हणजे बघणाऱ्याला गुन्हा कळावा, आणि स्पेन-पोर्तुगालमध्ये असे झगे नंतर चर्चमध्ये नावानिशी टांगून ठेवलेले असायचे. परत पाटीच. रोमची पद्धत ख्रिस्ताच्या नावाने, आणि यहुदी असण्याचा गुन्हा त्यावर लिहिलेला. कातारिनाच्या पुढे ज्या कुणी क्रूस धरला असेल त्याने वर मान करून ती चार अक्षरं वाचली असती तर?

शगाल नावाच्या यहुदी चित्रकाराने १९३८ मध्ये, जर्मनीत सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांची प्रार्थनामंदिरं, जळत होती त्या वर्षी, एक क्रूसाचं चित्र काढलं, ते आता शिकागोच्या संग्रहालयात आहे. येशूच्या कमरेला पंचाऐवजी यहुद्यांची प्रार्थनेची शाल आहे. आणि वर चार अक्षरं लिहून तो थांबलेला नाही, खाली हिब्रू लिपीत पूर्ण वाक्य लिहिलंय, अरामीत. मी त्या चित्राचा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला मास्तरांची रेघ आठवली.

मूळ पाटीचं काय झालं म्हणाल तर चौथ्या शतकाच्या शेवटी एगेरिया नावाची एक बाई यात्रेला यरुशलेमला गेली होती, तिने लिहून ठेवलंय की गुड फ्रायडेला क्रूसाचं लाकूड आणि पाटी टेबलावर ठेवतात, लोक ओळीने येऊन कपाळ टेकवतात, ओठ टेकवतात, आणि बाजूला दीकन, म्हणजे धर्मगुरूंचे मदतनीस, पहारा देतात कारण पूर्वी एकाने मुका घेता घेता लाकडाचा तुकडा दातांनी तोडून नेला होता. रोममध्ये सांता क्रोचे चर्चमध्ये अक्रोडाच्या लाकडाचा एक तुकडा आहे, १४९२ मध्ये भिंतीतून निघाला, त्यावर तीन ओळी आहेत, आणि त्यातली गंमत म्हणजे ग्रीक आणि लॅटिनसुद्धा उजवीकडून डावीकडे लिहिलंय. पुष्कळांना वाटायचं की हिब्रूची सवय असलेल्या हाताने लिहिलं असणार, म्हणजे खरी असणार. कार्बन चाचणीचा निष्कर्ष २००२ साली छापून आला, लाकूड साधारण ९८० ते ११४६ या काळातलं निघालं. पप्पांना मी हे सांगितलं तेव्हा ते आजारी होते, पडूनच असायचे. त्यांना लाकूड किती जुनं यात रस नव्हता. म्हणाले, "उलटं लिहिताना त्याचा हात पुसत गेला असणार बघ ओल्या रंगावरून." त्यांना ते माहीत होतं कारण १९८४ च्या त्या पाटीवर त्यांचाही हात तसाच अडला होता.

त्या नाटकात गर्दीला दाढ्या चिकटवल्या नाहीत. पप्पांनी तालमीत जाऊन मंडळाच्या पोरांना काय सांगितलं ते मला माहीत नाही, मी बाहेर रंगांच्या डब्यांपाशी होतो, पण बराच वेळ वाद चालला होता एवढं ऐकू आलं. शेवटी ठरलं की गर्दीतल्यांनी आपापले रोजचे कपडे घालून यायचं. म्हणून त्या रात्री पिलाताच्या समोर आमच्याच गावातली माणसं उभी होती, पॅन्ट-शर्टातली, लेंग्यातली, आणि चार-पाच म्हाताऱ्या लाल लुगड्यांत, आणि ती सगळी आमच्या बोलीत ओरडली. माझी आजी त्यात होती. तिने हात वर केला तो मला अजून दिसतो. घरी आल्यावर ती जेवली नाही.

मास्तर नाटकाला आले नव्हते, पप्पांनीही बोलावलं नव्हतं, दोघांनाही ते बरोबर वाटलं असावं. पाटी मात्र पप्पांनी मोडू दिली नाही. ती अजून आमच्या माळ्यावर आहे, प्लायवूडची, पांढऱ्या रंगावर काळं इनॅमल. लॅटिन आणि ग्रीकच्या ओळी एकदम सरळ, पप्पांच्या नेहमीच्या हाताच्या. हिब्रूची ओळ तशी नाही. उजवीकडून सुरू केलं की हात ओल्या रंगावर येतोय म्हणून त्यांनी डावीकडून सुरुवात केली, म्हणजे शेवटचा शब्द आधी, हायेहूदीम, मास्तरांनी रेघ मारलेला, चांगला मोठा, ऐसपैस. मग मेलेख. मग हानोत्स्री. आणि येशुआ लिहायची वेळ आली तेव्हा फळी संपत आली होती, म्हणून ते नाव तेवढं उजव्या कडेला दाटीवाटीने बसवलेलं आहे, शेवटचं टोक तर फळीच्या जाडीवर वळवून घेतलंय.